विश्लेषण : जिल्ह्याचा निधी कुणाच्या मर्जीचा? हिरकणीवाडीतून दिसणारा प्रश्न

रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. रोपवेचा पाळणा इथूनच सुटतो. गडावर जाणारे हजारो लोक इथे गाड्या उभ्या करतात, पिठलं-भाकरी खातात, ताक पितात आणि परततात. जुलै २०२५ मध्ये रायगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, तेव्हा गडाचे नाव जगभर गेले. त्याच वर्षी गड ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याला पालकमंत्री कोण हे मात्र ठरत नव्हते. हा वाद दोन पक्षांच्या मानापमानाचा म्हणून रंगवला गेला. डोंगराच्या कुशीतल्या वाडीच्या दृष्टीने तो वेगळाच आहे. उताराचे काम, रस्त्यावरची मोरी, पाण्याची टाकी यांचा निर्णय कोण घेतो, कोणत्या निकषावर घेतो आणि नाही म्हटले तर त्याचे कारण कोण देतो, हा तो प्रश्न आहे.

वाद नेमका काय होता?

राज्यातील पालकमंत्र्यांची यादी १८ जानेवारी २०२५ रोजी जाहीर झाली. रायगडची जबाबदारी राष्ट्रवादी काँग्रेसच्या (अजित पवार) मंत्री आदिती तटकरे यांच्याकडे देण्यात आली. शिवसेनेचे (शिंदे) मंत्री आणि महाडचे आमदार भरत गोगावले यांच्या समर्थकांनी त्याला तीव्र विरोध केला. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर टायर पेटले. दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारीला, रायगड आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नियुक्त्यांना स्थगिती देण्यात आली. त्यानंतर अर्थसंकल्प झाला, पावसाळा आला, १५ ऑगस्टचे झेंडावंदनही झाले. तरी तिढा कायम होता. झेंडा कुणी फडकवायचा यावर जितकी चर्चा झाली, तितकी जिल्ह्याच्या कामांची क्रमवारी कुणी आणि कशी ठरवायची यावर झाली नाही.

तटकरे आणि गोगावले दोघेही सत्तारूढ महायुतीतले. म्हणजे हा सत्ताधारी विरुद्ध विरोधक असा सामना नव्हता. एकाच सरकारमधल्या दोन पक्षांना एका खुर्चीसाठी इतके ताणून धरावेसे वाटते, यावरूनच त्या खुर्चीच्या हातात काय असते याचा अंदाज येतो.

पालकमंत्र्याच्या हातात असते तरी काय?

'पालकमंत्री' हे पद राज्यघटनेत नाही. ते शासनाच्या आदेशाने निर्माण होते आणि आदेशानेच जाते. त्याला वजन येते ते जिल्हा नियोजन समितीमुळे. ही समिती मात्र घटनात्मक आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३ झेडडी आले आणि प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असावी, असे ठरले. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा केला. समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे, तर सदस्य-सचिवपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते.

घटनेची कल्पना साधी होती. ग्रामपंचायती, पंचायत समित्या, जिल्हा परिषद आणि नगरपालिका आपापल्या गरजा मांडतील. समिती त्या एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा तयार करील. म्हणूनच समितीचे किमान चारपंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडावेत, अशी तरतूद आहे. खालून वर जाणारी ही वाट आहे.

प्रत्यक्षात ती वाट मधेच तुटली. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या. रायगड जिल्हा परिषदेवरही प्रशासक आला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ जिल्हा परिषद सदस्य नाही, पंचायत समिती सदस्य नाही आणि २०२५ मध्ये पालकमंत्रीही नाही. वाडीच्या माणसाला निवडून दिलेली माणसे उरली ती एका टोकाला ग्रामपंचायतीत आणि दुसऱ्या टोकाला विधानसभा-लोकसभेत. मधल्या दोन्ही पायऱ्या रिकाम्या होत्या.

ही रिकामी जागा कुणी भरली? कागदोपत्री प्रशासकाने. व्यवहारात ती आमदार-खासदारांच्या पत्रांनी आणि कार्यकर्त्यांच्या वशिल्याने भरली जाते, हे ग्रामीण महाराष्ट्रात कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

हिरकणीवाडीच्या आसपास किती यंत्रणा आहेत?

गड केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने तिथला दगड हलवायचा तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. गड आणि भोवतालच्या परिसराच्या विकासासाठी शासनाने रायगड विकास प्राधिकरण नेमले. संभाजीराजे छत्रपती त्याचे अध्यक्ष झाले. सुमारे ६०० कोटी रुपयांच्या आराखड्यात गडाबरोबर पायथ्याच्या गावांचाही विचार आहे. डोंगरउतारावर जिथे वनजमीन आहे, तिथे वन विभाग. रस्ता कोणत्या दर्जाचा, त्यावर बांधकाम विभाग, महामार्ग यंत्रणा किंवा जिल्हा परिषद. पाण्याची योजना जिल्हा परिषदेकडे. दरडीचा इशारा, स्थलांतर आणि पंचनामा तहसीलदारांकडे. रोपवे १९९६ पासून खासगी कंपनी चालवते.

प्रत्येक यंत्रणेचे काम ठरलेले आहे, असे प्रत्येकीला विचारले तर उत्तर मिळते. अडचण असते ती दोन यंत्रणांच्या हद्दीवर. उतारावरून वाहत आलेले पाणी वनजमिनीतून निघते, रस्त्याच्या मोरीत तुंबते आणि घराच्या मागच्या भिंतीवर येऊन आदळते. पाण्याला हद्द कळत नाही, फायलीला मात्र कळते. जुलै २०२४ मध्ये रायगडावर अतिवृष्टी झाली, पायऱ्यांवरून पाण्याचे लोट आले आणि पर्यटक अडकले. प्रशासनाने गडाची वाट काही काळ बंद केली. पर्यटकांसाठी वाट बंद करणे हा एक आदेश असतो. पायथ्याला राहणाऱ्यांना असा आदेश काढून घरी पाठवता येत नाही. त्यांचे घरच तिथे आहे.

जबाबदारी जितक्या हातांत वाटली जाते, तितकी ती कुणाच्याच हातात राहत नाही. आणि जिथे जबाबदार कोण ते ठरलेले नसते, तिथे ओळख कामाला येते. उत्तरदायित्वाचा अभाव आणि राजकीय पक्षपात हे दोन वेगळे रोग वाटले, तरी त्यांचे मूळ एकच आहे.

पक्षपात घडतो तो कोणत्या टप्प्यावर?

समजा, पायथ्याच्या एखाद्या वाडीला संरक्षक भिंत हवी आहे. ग्रामसभा ठराव करते. कनिष्ठ अभियंता पाहणी करून अंदाजपत्रक तयार करतो. काम आराखड्यात बसले तर प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि शेवटी देयक, असा क्रम असतो. यातल्या प्रत्येक टप्प्याला नियम आहेत. निविदा उघडण्याची पद्धत लिहिलेली आहे, सिमेंटचे प्रमाण लिहिलेले आहे.

लिहिलेली नसते ती एकच गोष्ट. शंभर वाड्यांनी भिंत मागितली आणि पैसे वीस भिंतींचे असले, तर कोणत्या वीस? यादीवर पेन्सिलीने खूण होते ती इथे. पक्षपात निविदेत शोधणाऱ्याला तो सापडत नाही, कारण निविदा निघण्याच्या आधीच तो होऊन गेलेला असतो. आणि नाकारलेल्या ऐंशी वाड्यांना नकाराचे पत्रही येत नाही. त्यांची मागणी कुणी फेटाळलेली नसते. ती फक्त 'विचाराधीन' असते.

निधीचे दोन प्रकार शेजारी ठेवले की फरक कळतो. आमदार स्थानिक विकास निधी प्रत्येक आमदाराला वर्षाला पाच कोटी रुपये. सत्ताधारी असो वा विरोधक, रक्कम सारखी. या निधीच्या वापरावर आक्षेप असतील, पण वाटपात पक्षपात झाला अशी तक्रार होत नाही, कारण नियमच समान आहे. याउलट ग्रामविकास विभागाचे '२५१५' हे लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी यातून पैसा येतो. सरपंचांच्या तोंडी तो '२५-१५चा निधी' म्हणून परिचित आहे. कुणाला किती द्यायचे याचे समान सूत्र इथे नाही. सत्ताधारी आमदारांना भरभरून आणि विरोधकांना रिकाम्या हाताने, ही तक्रार प्रत्येक अधिवेशनात होते. बाके बदलली की तक्रार करणारे बदलतात, तक्रार तीच राहते.

स्थगितीचेही असेच. जून २०२२ मध्ये सत्ताबदल झाला. ४ जुलै २०२२ च्या आदेशाने १ एप्रिलपासून मंजूर झालेल्या जिल्हा वार्षिक योजनेच्या कामांना स्थगिती देण्यात आली. नवे पालकमंत्री आल्यावर फेरविचार होईल, असे सांगण्यात आले. नवे पालकमंत्री जाहीर झाले ते २४ सप्टेंबरला. म्हणजे पावसाळ्याचे जवळजवळ तीन महिने त्यात गेले. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये सत्तेवर आलेल्या महाविकास आघाडीनेही आधीच्या सरकारच्या अनेक कामांना स्थगिती दिली होती. २०२२ च्या स्थगितीविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका झाल्या. कोणत्याही पक्षाला या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा नैतिक अधिकार उरलेला नाही.

त्यात आर्थिक वर्षाचे घड्याळ वेगळेच चालते. मान्यता उशिरा मिळाली की काम पावसात अडकते. मार्च आला की निधी व्यपगत होण्याची भीती दाखवून घाईने बिले काढली जातात. संरक्षक भिंत मेच्या अखेरीपर्यंत उभी राहिली तरच तिचा त्या वर्षी उपयोग. ऑगस्टमधल्या मान्यतेने जुलैची दरड थांबत नाही.

महाड-पोलादपुरात याची किंमत काय?

इथे निधी उशिरा येण्याचा अर्थ डांबर उशिरा पडणे एवढाच नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक लोक गेले. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथेही बळी गेले. तळियेच्या वाचलेल्या कुटुंबांना कंटेनरच्या घरांत दिवस काढावे लागले. कायमच्या घरांचे काम म्हाडाकडे देण्यात आले.

१९ जुलै २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातच, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा सरकारनेच विधिमंडळात सांगितले. हे विधान दोन्ही बाजूंनी वाचायला हवे. यादी अपुरी होती, हा एक अर्थ. दुसरा अर्थ असा, की यादीत असणे ही जीव वाचण्याची पहिली अट बनली आहे. असे असेल, तर यादी कुणी, कोणत्या पाहणीवरून केली, त्यात नाव घालण्यासाठी अर्ज कुठे करायचा आणि यादीतल्या गावांपैकी पुनर्वसन आधी कुणाचे, हे प्रत्येक वाडीला माहीत असण्याचा हक्क आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. प्रशासकाच्या काळात त्या खुर्चीवर बसायला निवडलेला माणूसच नव्हता. जिल्ह्यात इर्शाळवाडी घडली ती याच काळात. दरडीचा आणि त्या रिकाम्या खुर्चीचा थेट संबंध जोडणे चुकीचे ठरेल. मात्र आपत्तीच्या आधी वाडीच्या वतीने टेबलावर हात आपटून विचारणारे जे कुणी असते, ते तिथे नव्हते, एवढे खरे.

'जबाबदार कोण' हा प्रश्न महाडकरांना नवा नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहने नदीत गेली. चौकशी आयोग नेमला गेला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याचे कौतुकही झाले. यंत्रणेने मनावर घेतले तर ती किती वेगाने काम करते, हे त्या पुलाने दाखवले. जुना पूल वाहतुकीस योग्य आहे हे ठरवणारी यंत्रणा कुठे चुकली, या प्रश्नाच्या उत्तराला तो वेग कधी आला नाही.

कायदा आणि न्यायालये काय म्हणतात?

शासनाने सवलत, कंत्राट किंवा लाभ मनमानी पद्धतीने वाटू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच रमणा दयाराम शेट्टी खटल्यात स्पष्ट केले. प्रकरण मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या कंत्राटाचे होते. शासनाने स्वतः ठरवलेला निकष स्वतःच मोडणे अनुच्छेद १४ च्या समानतेत बसत नाही, असा त्याचा गाभा. टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यायालयाने आणखी पुढचे सांगितले : अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, तोंडी सूचना आली तर तिची लेखी नोंद करावी.

माहितीचा अधिकार कायदा, २००५ यातले कलम ४ बहुतेकांना अर्जाच्या कलमाइतके माहीत नसते. त्यानुसार अर्थसंकल्पाचे वाटप, योजनांची अंमलबजावणी आणि लाभार्थ्यांचा तपशील यंत्रणेने कुणी न मागता प्रसिद्ध करायचा आहे. शिवाय प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देणे बंधनकारक आहे. हिरकणीवाडीसारख्या ठिकाणची मागणी मागे पडली असेल, तर 'का' याचे उत्तर देणे ही अधिकाऱ्याची मेहेरबानी नाही, कायद्याने सांगितलेले काम आहे.

विलंबावरही कायदा आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या २००५ च्या अधिनियमानुसार सर्वसाधारण फाइल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यांना मुदत आली आणि दिरंगाईला दंडही आला. जातीचा, उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळावा हा हक्क झाला. गावाच्या कामाबद्दलचे उत्तर वेळेत मिळावे, हा मात्र अजून झाला नाही.

इतरत्र असे प्रकार उघड होतात कसे?

ऑस्ट्रेलियाचे एक उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे क्रीडासुविधांसाठी गावोगावच्या क्लबांना अनुदान देण्याची योजना होती. क्रीडा यंत्रणा प्रत्येक अर्जाला गुणवत्तेनुसार गुण द्यायची. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी अहवाल दिला : मंत्री कार्यालयाने या गुणांना बगल देऊन चुरशीच्या मतदारसंघांकडे लक्ष ठेवून वाटप केले. देशभर गदारोळ झाला. मंत्री ब्रिजेट मॅकेन्झी यांनी फेब्रुवारीत राजीनामा दिला. तांत्रिक कारण अनुदान मिळालेल्या नेमबाजी क्लबचे आपले सदस्यत्व जाहीर न केल्याचे होते.

तिथले राजकारणी इथल्यापेक्षा सज्जन होते, असा याचा अर्थ नाही. फरक एवढाच, की तिथे गुणांचा तक्ता होता. तक्ता होता म्हणून तो मोडल्याचे सिद्ध करता आले. आपल्याकडे कुणी नियम मोडला म्हणून आरोप होतो तेव्हा पहिली अडचण ही येते, की मोडायला नियमच लिहिलेला नसतो. ज्या निर्णयाला निकष नाही, त्याचे लेखापरीक्षण होत नाही. खर्चाची पावती तपासली जाते, निवडीचे कारण तपासले जात नाही.

मग निवडून आलेल्यांना काही अधिकारच नको का?

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. कोणत्या वाडीत पाणी मार्चमध्ये आटते, कोणत्या वळणावर दर पावसाळ्यात गाडी घसरते, हे आलिबागच्या कार्यालयातल्या तक्त्यापेक्षा मतदारसंघ पायी फिरलेल्या आमदाराला जास्त कळते. लोक आमदाराला मत देतात ते कामे आणण्यासाठीच. सगळे निर्णय अधिकाऱ्यांवर सोपवले, तर ज्यांना पाच वर्षांनी घरी बसवता येत नाही त्यांच्या हाती कारभार जातो. प्रशासकाच्या काळात लोकांनी हेच अनुभवले.

म्हणून प्रश्न राजकारण बाहेर ठेवण्याचा नाही. ते कुठल्या टप्प्यावर चालावे, एवढाच आहे. दरडीचा धोका, लोकसंख्या, रस्त्याची अवस्था, आधी मिळालेला निधी यांपैकी कशाला किती महत्त्व द्यायचे, यावर लोकप्रतिनिधींनी समितीत भांडावे, मतदान करावे. ते राजकारण निरोगी आहे, कारण तिथे निकष सर्वांना सारखा लागतो आणि ठरवणाऱ्याचे नाव इतिवृत्तात येते. एकदा क्रम लागला, की नंतर बंद खोलीत एखादे नाव वर आणि एखादे खाली करण्याला लोकशाही म्हणता येत नाही. आमदाराला क्रम बदलावासा वाटला तर त्याने जरूर सांगावे. पण लेखी, कारण देऊन आणि आपल्या सहीने.

हा नियम आमदाराच्याही फायद्याचा आहे. आज ज्याच्याकडे खुर्ची आहे, उद्या तो दुसऱ्या बाकावर असेल. २०१९ आणि २०२२ मध्ये राज्याने हे पाहिले आहे. आपल्या मतदारसंघाचा वाटा सरकार कुणाचे यावर अवलंबून राहू नये असे वाटत असेल, तर सरकार आपले असतानाच नियम लिहून घ्यायला हवा.

काय करता येईल?

पहिले, जिल्हा वार्षिक योजनेतल्या प्रत्येक प्रकारच्या कामासाठी गुणांकनाचा तक्ता करून तो समितीने मंजूर करावा आणि दरडप्रवण गावांच्या संरक्षक कामांपासून सुरुवात करावी. दुसरे, आलेल्या सर्व मागण्यांची यादी गुणांसह प्रसिद्ध व्हावी. फक्त मंजूर कामांची नव्हे. नाकारलेल्यांची यादी जोवर दिसत नाही, तोवर मंजूर यादी न्याय्य आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. ही यादी संकेतस्थळाबरोबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, कारण गडाच्या घळीत मोबाइलला रेंज असेलच असे नाही.

तिसरे, क्रम बदलला तर बदल सुचवणाऱ्याचे नाव आणि कारण त्याच यादीत लिहावे. चौथे, सत्ताबदलानंतर सरसकट स्थगिती देण्याची प्रथा बंद व्हावी. एखाद्या कामात गैरप्रकार दिसला तर त्या कामापुरती, कारण देऊन, ठरावीक मुदतीची स्थगिती असावी. आणि जीविताशी संबंधित कामे त्यातून पूर्ण वगळावीत. पाचवे, पालकमंत्रिपद रिक्त किंवा स्थगित असले तरी समितीची बैठक ठरल्या तारखेला व्हावी आणि त्या काळात अध्यक्ष कोण हे कायद्यातच लिहावे. एका खुर्चीवरून दोघे भांडत असतील, तर जिल्ह्याने त्यांच्यासाठी थांबू नये. सहावे, अनेक यंत्रणा एकत्र येतात अशा हिरकणीवाडीसारख्या ठिकाणी एक अधिकारी समन्वयक म्हणून नावानिशी जाहीर करावा. फाइल कुठल्या खात्याची हे शोधण्याचे काम त्याचे असावे, अर्जदाराचे नव्हे.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. माहितीच्या अधिकाराचे कलम ४ आणि विलंबाचा अधिनियम हे दोन्ही वीस वर्षांपासून आहेत. लागतो तो एक शासन निर्णय आणि तो पाळला गेला का हे विचारणारी ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. त्यातल्या एकीत तरी 'आमचा क्रमांक कितवा आणि का' हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेता येतो.

कागदावरच्या ठरावाचे पुढे काय होते, याचा धडा महाडइतका कुणी शिकलेला नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. तरी तळ्याचे पाणी सर्वांना मिळाले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले आणि त्यानंतरही उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. ठराव होता, नियम होता, यंत्रणा होती. जाब विचारणारे पुढे आले तेव्हाच त्या कागदाला अर्थ आला.

हिरकणीवाडीला नाव देणाऱ्या दंतकथेतही हेच आहे. सूर्यास्तानंतर गडाचे दरवाजे बंद करायचे हा नियम होता आणि तान्ह्या लेकरासाठी घरी परतणाऱ्या गवळणीलाही तो लागू झाला. ती कडा उतरून गेली. दंतकथा सांगते, की महाराजांनी तिला साडीचोळी देऊन गौरवले आणि तो कडा असुरक्षित असल्याचे ओळखून तिथे बुरूज बांधून घेतला. नियम ओळखीच्यासाठी वाकवला नाही, पण त्यातली त्रुटी ध्यानात येताच दुरुस्ती केली. पालकमंत्री कुणीही होवो, रायगडच्या पायथ्याला राहणाऱ्यांची अपेक्षा याहून वेगळी नाही.